भरती निघाली तरच पळायचं का?



पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी नुसती कुणकुण लागली, की आमच्या गोंदिया जिल्ह्यातले रस्ते पहाटे जागे होतात. आमगाव असो, गोरेगाव असो की अर्जुनी मोरगाव, पाच वाजता घराबाहेर या, अंधारात बुटांचा आवाज येतो. देवरी, सडक अर्जुनीकडची मुलं तर महामार्गाच्या कडेकडेने पळतात आणि बाजूने रायपूरचे ट्रक सुसाट जातात. सगळी कॉलेजची मुलं-मुली. कोणी बी.ए.ला, कोणी बी.एस्सी.ला, कोणी आयटीआयला. हातात मोबाईल, त्यावर स्टॉपवॉच. मग भरती होते, यादी लागते आणि पंधरा-वीस दिवसांत रस्ता पुन्हा सुनसान.

आता हे लिहिताना रस्ता सुनसानच आहे.

तुम्ही म्हणाल, मॅडम, तुम्ही शिकवता पहिली ते पाचवीला, कॉलेजच्या मुलांच्या व्यायामाची काळजी तुम्हाला कशाला? तेच सांगायचं आहे. ही मुलं कुठून आली? तुमच्या-माझ्याच वर्गातून गेली. आणि व्यायाम कशासाठी करायचा असतो याचा पहिला धडा त्यांनी आपल्याकडेच घेतला, आपण शिकवला असो वा नसो.

आधी भरतीचा हिशोब पाहू. पोलीस शिपाई भरतीत आधी मैदानी चाचणी होते, ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटर पळणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. यात निम्मे गुण मिळाले नाहीत तर पुढच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेला बसताच येत नाही. म्हणजे वर्षभराची मेहनत मैदानावरच्या काही मिनिटांत मोजली जाते. २०२४ च्या भरतीत राज्यात साडेसतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले सतरा लाखांहून जास्त. शंभर अर्जांमागे साधारण एक जागा. ज्याला जागा मिळाली त्याचं भलं झालं, त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण बाकीच्या नव्व्याण्णवांच्या पळण्याचं काय होतं? त्यांनी सहा महिने, वर्षभर कमावलेला दम, पायातली ताकद, पहाटे उठायची सवय, हे सगळं यादीसोबत वाया जातं. मला याचं वाईट वाटतं. नोकरी न मिळणं त्यांच्या हातात नव्हतं. पण शरीर तर त्यांचं स्वतःचं होतं ना!

हे मी दुरून पाहून सांगत नाही. डी.एड. झाल्यावर नोकरी लागेपर्यंतची दोन वर्षं मीही भरतीसाठी पळाले आहे. गावाबाहेरच्या पांदणीने, ओढणी कमरेला बांधून, लोक उठायच्या आत. त्या दिवसांत माझी भूक चांगली होती, झोप चांगली होती, संध्याकाळी पुस्तक घेऊन बसलं तर दोन तास डोकं जाग्यावर राहायचं. यादीत नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर टाकले. पुढची दहा-बारा वर्षं बस पकडण्याशिवाय मी कशासाठी पळाले असेन तर आठवत नाही. आई म्हणाली होती, "आता कायले पळतेस?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे प्रश्न चुकीचा आहे हेच मला वाटलं नाही.

माझी एक विद्यार्थिनी आहे, पाचवीपर्यंत माझ्याकडे होती, आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या भरतीत ८०० मीटरला कमी पडली. मध्यंतरी बाजारात भेटली. मी विचारलं, पळणं चालू आहे का? ती हसून म्हणाली, "मॅडम, भरती कुठं निंगाली आता?" मग आणखी एक वाक्य बोलली, ते मला लागलं. "तुम्ही तं गृहपाठ नाही केला की ग्राउंडचे पाच चक्कर मारायले लावत होत्या. तवापासून पळणं म्हटलं की शिक्षाच वाटते."

ती गमतीत बोलली. पण खोटं बोलली नाही. मी लावत होते. तुमच्यापैकी किती जण लावतात? छडी बंद झाली, चांगलं झालं, पण तिच्या जागी आपण काय आणलं? उठाबशा, मैदानाच्या फेऱ्या, हात वर करून उभं राहणं. जी गोष्ट मुलाला आयुष्यभर आवडावी असं आपण म्हणतो, तीच आपण शिक्षा म्हणून वापरली. वाचन आवडावं म्हणून कोणी शिक्षेला दहा पानं वाचायला लावतं का? (लावतात म्हणा, तेही पाहिलं आहे.)

आता थोडं मानसशास्त्र. डी.एड.ला आपण सगळ्यांनी थॉर्नडाईकचा परिणामाचा नियम पाठ केला, स्किनरचं प्रबलन पाठ केलं. बक्षीस दिलं की वर्तन वाढतं. पेपरात लिहून मार्कही मिळवले. पण त्याच्या पुढची गोष्ट आपल्या पुस्तकात ठळकपणे नव्हती, निदान माझ्या लक्षात नाही. १९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी एक प्रयोग केला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्र काढायला मुळातच आवडत होतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा वर्गात ठेवली आणि कोण आपणहून चित्र काढतं ते पाहिलं. बक्षिसाचा शब्द देऊन ज्यांच्याकडून चित्रं काढून घेतली होती, ती मुलं इतरांच्या मानाने साधारण निम्माच वेळ पेनांकडे वळली. आवड होती, ती बक्षिसाने खाल्ली.

ही झाली लहान मुलं. कॉलेजच्या मुलांवर असाच प्रयोग एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये केला होता. कोडी सोडवायला दिली, एका गटाला कोड्यामागे पैसे दिले. पैसे बंद झाल्यावर त्या गटाचा मोकळ्या वेळेतला रस उतरला. पुढे डेसी आणि रायन यांनी यावरच आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं साध्या मराठीत सांगायचं तर माणूस एखादी गोष्ट टिकवून करतो ती तीन कारणांनी: ती त्याने स्वतः निवडलेली असते, ती त्याला जमते आहे असं वाटत असतं, आणि सोबत आपली माणसं असतात.

भरतीच्या पळण्याला हे लावून पाहा. निवड कसली, जाहिरात सांगेल ते अंतर. जमतं आहे की नाही हे ठरवणार घड्याळ आणि कटऑफ. सोबत असते खरी, पण सोबतीही स्पर्धक. यादी लागली की तीही विखुरते.

याउलट आमच्याकडची कबड्डी घ्या. धान कापून झाले की गावोगाव रात्रीचे सामने लागतात. लाईट लावून, मैदान आखून, थंडीत शेकोटीभोवती बसून लोक पहाटेपर्यंत पाहतात. जिंकणाऱ्याला मिळतं काय, थोडी रक्कम आणि एक शिल्ड, तेही सगळ्या संघात वाटून. तरी पोरं दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला हजर. त्यांना कोणी म्हणत नाही की कबड्डी खेळून काय मिळणार. गुडघे फुटेपर्यंत खेळतात. म्हणजे आपली मुलं आळशी आहेत, मोबाईलने बिघडली आहेत, हे जे आपण स्टाफरूममध्ये बोलतो ते मला पटत नाही. कारण मिळालं तर ती धावतात. कारण आपलं वाटलं तर वर्षानुवर्षं धावतात.

फक्त या कबड्डीत मुली फारशा दिसत नाहीत. मुलींना आमच्याकडे व्यायामाचं एकच मान्य कारण आहे, भरती. "भरतीची तयारी करते" म्हटलं की पहाटे घराबाहेर पडायला, ट्रॅकपँट घालायला, भावासोबत का होईना पण मैदानावर जायला परवानगी मिळते. ते कारण गेलं की परवानगी गेली. त्यामुळे मुलगी पळणं सोडते तेव्हा तिचा कंटाळा हे एकच कारण नसतं, आपण घरच्यांनीही दार लावून घेतलेलं असतं. पालकांनो, हे मी तुमच्याशी बोलते आहे, रागावू नका. मुलगी नापास झाली भरतीत. पळायला थोडीच नापास झाली?

काही पालक म्हणतात, आमची पोरगी रोवणीला जाते, तेंदूपत्त्याला जाते, तिला वेगळा व्यायाम कशाला? हे मी खोडून काढणार नाही. दिवसभर वाकून पऱ्हे लावणं काय असतं ते मला माहीत आहे, माझी आई तेच करायची. पण रोवणीने कंबर मोडते, कोणाचा दम वाढलेला मी पाहिला नाही. आणि रोवणी महिनाभराची. बाकीचे महिने तीच मुलगी सकाळी साडेसहाच्या एसटीने कॉलेजला जाते, बाकावर बसते, दुपारी तीनला परत येते आणि पुन्हा बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगितला आहे. दिवसाला वीस-बावीस मिनिटं. आपल्या वर्गातल्या ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं. कष्टाची सर खेळाला येत नाही हे खरं, पण खेळाचं काम कष्टाने होत नाही हेही तितकंच खरं.

अभ्यासाचा मुद्दा येणारच, तो घेते. व्यायामाने मार्क वाढतात का? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये साधारण चौथी-पाचवीच्या वयाची मुलं घेऊन पाहिलं. वीस मिनिटं चालल्यावर मुलांचं लक्ष जास्त नीट लागलं आणि वाचून समजण्याच्या चाचणीत ती पुढे गेली. मुलं होती वीस, त्यामुळे लगेच ढोल वाजवण्यासारखं नाही, पण आपल्याला वर्गात दिसतं तेच त्यात आहे. मधली सुट्टी भरपूर खेळून आलेली मुलं पाच मिनिटं गोंधळ करतात आणि मग बसतात, ती खरोखर बसतात. मोठ्यांच्याही बाबतीत नियमित व्यायामाने झोप सुधारते, ताण उतरतो. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या मुलाला याच दोन गोष्टी सगळ्यात कमी मिळतात. माझे ते भरतीचे दिवस आठवले तर मला हे पटतं.

पण इथे एक सापळा आहे आणि मी त्यात पाय टाकता टाकता थांबले. मागे पालकसभेत मी उत्साहाने सांगत होते की मुलांना खेळू द्या, मार्क वाढतील. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, हे तर तेच प्रमाणपत्र झालं. भरतीच्या जागी मार्क. मार्क वाढले नाहीत तर पालक पुढच्या महिन्यात खेळ बंद करतील आणि ते बरोबरच असेल, कारण मीच तसा सौदा केला होता. नव्या अभ्यासक्रमात कॉलेजला खेळ, योग, एनसीसी यांना श्रेयांक मिळतात. चांगलं आहे, विषयाला मान मिळाला. पण तिथेही हीच भीती आहे. श्रेयांक जमा झाले की बूट माळ्यावर.

मग बाहेरचं कारण वाईटच असतं का? नाही. अविनाश साबळे यांचं उदाहरण आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. बारावीनंतर सैन्यात गेले ते नोकरीसाठी, घर चालावं म्हणून. सियाचीनला ड्युटी केली. शर्यतीत पळायला लागले ते सैन्यात गेल्यावर, क्रॉसकंट्रीपासून. पुढे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत. नोकरीने दार उघडलं, आत जाऊन त्यांनी घर आपलं केलं. भरतीचं दार असंच अनेकांना उघडता येईल. त्यासाठी आतलं घर आवडण्यासारखं आहे हे लहानपणी एकदा तरी पाहिलेलं हवं. ते दाखवायचं काम आपलं आहे.

आपल्याकडे ही परंपरा नाही असंही नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात १९१४ ची. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने जाऊन तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. विदर्भातली मुलं, पारतंत्र्याचा काळ. त्यांच्यासमोर कुठली भरती होती?

आता आपल्या शाळेचं. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाची तासिका असते. कायद्यानेही शाळेला मैदान आणि वर्गाला खेळाचं साहित्य असावं असं म्हटलं आहे. आणि ती तासिका कोण खातं? गणित खातं, ऑनलाईन माहिती भरणं खातं, चाचण्यांच्या आधीचा महिना तर पूर्ण खातो. मीही खाल्ली आहे, दोन शिक्षकी शाळेत पाच वर्ग असले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. यावर्षी मात्र मी आणि माझ्या सहकारी शिक्षकांनी ठरवलं की त्या तासिकेला हात लावायचा नाही. फेऱ्यांची शिक्षा पूर्ण बंद. कोणता खेळ ते मुलं ठरवतात, लंगडी, खो-खो, आट्यापाट्या, कधी नुसतं पकडापकडी. पहिला-दुसरा क्रमांक काढत नाही. फक्त महिन्यातून एकदा प्रत्येक मूल शाळेच्या फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत पळतं आणि आपला वेळ आपल्या वहीत लिहितं. पुढच्या महिन्यात स्वतःचाच आकडा पाहायचा. यामुळे एक गंमत झाली. वर्गात नेहमी शेवटी येणारा मुलगा चार सेकंदांनी सुधारला आणि तो आकडा त्याने फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. मी पुसला नाही.

सगळं छान चाललंय असं समजू नका. पावसात मैदानावर चिखल, दोन पालकांची तक्रार की कपडे खराब होतात, आणि अभ्यास मागे पडतो का ही माझी स्वतःची धाकधूक. ती अजून आहे.

ज्यांची मुलं कॉलेजला आहेत त्यांना एक काळजीची गोष्ट सांगते. जाहिरात आली की अचानक पळायला सुरुवात करू देऊ नका. वर्षभर बसून राहिलेलं शरीर महिनाभरात चाचणीला तयार होत नाही. २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत जूनच्या उकाड्यात ५ किलोमीटर पळताना तरुणांचे जीव गेले, त्यानंतर अंतर कमी झालं. आपल्या विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यात तर सकाळी आठनंतर पळणंच नको. पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं, हे मुलांना घरातून सांगितलेलं असावं. भरतीवाले मित्र "सहन कर" म्हणतात. जो वर्षभर थोडं थोडं पळत असतो त्याला हे सगळं कमी भोगावं लागतं, आणि जाहिरात आली तर तो इतरांच्या पुढेच असतो.

त्या माझ्या विद्यार्थिनीला मी म्हटलं, शनिवारी सकाळची शाळा असते, मैदानावर ये आणि आपल्या पोरांना पळायची सुरुवात कशी करायची, हात कसे ठेवायचे ते शिकव. पैसे-बिसे काही नाही, चहा पाजते. तिने आधी टाळलं. मग दोन शनिवार आली. पोरं तिच्या मागे वेडी झाली, "ताई, आणखी एक डाव" करून तिला सोडेनात. दुसऱ्या शनिवारी मीही साडी खोचून टाकीपर्यंत पळाले, माझा आकडा मी इथे लिहीत नाही. तिसऱ्या शनिवारी ती आली नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, रोवणी लागली. झाली की येतो."